अधिकातली घसरगुंडी

सासूबाईंचं माझ्या हातापायांना उटणं चोपडून झालं आणि त्यांनी नळ सोडला. नळाने एक लांब सुस्कारा टाकला, दोनदा खोकला आणि गप्प झाला.

मी न्हाणीत पाटावर बसलो होतो. टाळूवरचं तेल कानामागून मानेवर उतरत होतं. त्या वर्षी अधिक महिना ज्येष्ठात आला होता, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. अधिकात जावयाला घरी बोलवायचं, त्याला न्हाऊ घालायचं, पुरणाचे धोंडे वाढायचे, ही रीत. त्या दिवसापुरता जावई नारायण असतो. मागच्या अधिकात रजा मिळाली नव्हती, म्हणून लग्नाला चार वर्षं झाल्यावर नारायण व्हायची माझी ही पहिलीच वेळ, आणि नारायणाला आंघोळीला पाणी नव्हतं.

"असू द्या," सासूबाई म्हणाल्या. "म्या काल ड्रम भरून ठेवला आहे."

त्या मागच्या अंगणात गेल्या. ड्रमच्या तळाशी तांब्या खरवडल्याचा आवाज आला. मग त्या रिकामा तांब्या घेऊन परत आल्या.

ड्रममधलं पाणी कोणी वापरलं याची चौकशी सुरू झाली. घरात माणसं चारच. सासूबाई, मी, माझी बायको मंजिरी, आणि बैठकीत वर्तमानपत्र धरून बसलेले सासरे. सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली न करता वर्तमानपत्रालाच सांगितलं, "पहाटे कूलर कोरडा पडला होता. त्यात ओतलं." कूलर आम्ही दोघं झोपलो होतो त्या खोलीत होता. सासूबाईंनी विचारलं, सगळा ड्रम? सासरे वर्तमानपत्राला म्हणाले की कूलर मोठा आहे.

इथे सासऱ्यांविषयी सांगायला हवं. त्यांचं नाव भाऊराव गावंडे, पण त्यांना नावाने ओळखणारं दर्यापुरात कोणी नव्हतं. ते गावंडे सर. उभी हयात त्यांनी शाळेत गणित शिकवलं, आणि माझ्या वडिलांची बदली दर्यापूरला झाली तेव्हा तीन वर्षं मलाही शिकवलं. निदान त्यांनी तसा प्रयत्न केला. सर मुलांना आडनावाने हाक मारत, तीही सरळ नाही. मी इंगोले, म्हणून मी 'इंगोल्या'. "इंगोल्या, हे वर्तुळ आहे की बटाटा?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आजही बटाटा चिरताना मला परिघाची आठवण होते. त्यांच्या घरी संध्याकाळच्या शिकवणीलाही मी जायचो. तिथे पाण्याचा तांब्या घेऊन कधीमधी त्यांची मुलगी यायची. पुढे वडिलांची पुन्हा बदली झाली. मी शिकलो, नाशिकला एका औषध कंपनीत लागलो, आणि तिथे कोणाच्या तरी लग्नात तीच मुलगी पुन्हा भेटली. आम्ही कोर्टात जाऊन लग्न केलं आणि घरी नंतर कळवलं. जातीचा प्रश्न नव्हता. मंजिरी म्हणायची, प्रश्न तुझ्या गणिताचा आहे.

तेव्हापासून सर माझ्याशी बोलले नव्हते. ओरडले नाहीत, अपमान केला नाही, दार लावलं नाही. फक्त बोलले नाहीत. मी समोरच्या खुर्चीवर बसलेला असताना ते सासूबाईंना म्हणायचे, "चहा घेणार का, विचार." सासूबाई मला विचारायच्या, मी हो म्हणायचो, सासूबाई सरांना सांगायच्या की हो म्हणतात. एकदा घरात दुसरं कोणीच नव्हतं, तेव्हा सरांनी दारातल्या मांजरीला सांगितलं की फाटकाची कडी लावून घ्यायला पाहिजे. मी उठून लावली.

या खेपेला येताना बसमध्ये मंजिरीने माझ्याकडे न बघता सांगितलं होतं, "बाबा याही वेळी तुझ्याशी बोलले नाहीत, तर मी त्या घरी पुन्हा येणार नाही. आईला भेटावंसं वाटलं तर शेगावला बोलावून घेईन." ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर मला एवढी भीती वाटली नसती. मंजिरी चिडून बोललेलं विसरते, थंडपणे बोललेलं पाळते.

आणि आता निम्मा दिवस तर उटणं वाळण्यातच जाणार अशी चिन्हं होती. टँकरवाल्याचा फोन लागत नव्हता. शेजारी विचारून झालं, त्यांचीही भांडी पालथीच होती. सरांनी वर्तमानपत्राला सुचवलं की तलावावर न्यावं. गावाबाहेरच्या त्या तलावात सरांनी स्वतः कितीतरी पोरांना पोहायला शिकवलं होतं.

"तलाव कशाचा घेऊन बसले?" सासूबाई म्हणाल्या. "तिथं पोट्टे क्रिकेट खेळून राहिले."

मग त्या पदर खोचून दारात उभ्या राहिल्या आणि थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहिल्या. समोरच्या विजेच्या खांबावर एक जाहिरात बांधलेली होती. निळ्याशार पाण्यात एक अख्खं कुटुंब तोंड उघडून हसत होतं. अमरावती रोडवर नवीनच झालेलं झुळझुळ वॉटर पार्क.

"आंघोळ न्हाणीतच घालावी असं कोणत्या पोथीत लिहिलं आहे?" सासूबाईंनी विचारलं. "पाणी तिथं हाय. जावईबुवाला तिथं न्हाऊ घालतो. धोंडे तर म्या पहाटेच करून ठेवले, डबा घेऊन जाऊ."

मला वाटलं सर नाही म्हणतील. पण सासूबाई वर्षानुवर्षं सरांचं ऐकत आलेल्या होत्या, आणि अशी बाई जेव्हा एखादी गोष्ट ठरवते, तेव्हा घरातल्या माणसाला नाही म्हणायची सवय उरलेली नसते. सरांनी पायजमा बदलला, छत्री घेतली आणि वर्तमानपत्र घडी करून काखेत मारलं.

आम्ही काळीपिवळी जीपने निघालो. मी उटण्यावरच शर्टपँट चढवली होती. जीपमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या म्हातारबाने माझ्या पिवळ्या मानेकडे, पिवळ्या कानांकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं की बाबू, हळदीतून पळून चालला का? सासूबाईंनी त्याला सगळी हकिकत सांगितली. ती ऐकून जीपमधल्या सगळ्यांनी आपापल्या जावयांच्या हकिकती सांगितल्या. सर ड्रायव्हरजवळ पुढे बसले होते आणि आमची आपली ओळख नाही अशा चेहऱ्याने ऊन बघत होते.

वॉटर पार्कच्या फाटकावर डबा अडवला. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही म्हणे. सासूबाईंनी झाकण उघडून दाखवलं आणि सांगितलं की हे खाणं नाही, हे अधिकाचं वाण आहे, आणि हा नारायण आहे. रखवालदार माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने डबा सोडला, पण नारायणाला आधी फवाऱ्याखाली उभं राहून अंग घासून घ्यावं लागेल, एवढ्या उटण्याने तळ्यातलं पाणी पिवळं होईल, असं बजावलं. सासूबाई फवाऱ्यापर्यंत माझ्याबरोबर आल्या, ओंजळीत पाणी घेऊन त्यांनी माझ्या डोक्यावर घातलं आणि पुटपुटत काहीतरी म्हटलं. रीत झाली. खरं तर आम्ही तिथूनच परत फिरू शकत होतो. पण सासूबाईंची नजर तोवर लाटांच्या तळ्यावर गेली होती.

पुढचा पेच कपड्यांचा होता. आत जायला नायलॉनचेच कपडे लागत, आणि ते तिथेच भाड्याने मिळत. सरांच्या मापाची एकच अर्धी चड्डी शिल्लक होती. केशरी रंगाची, आणि तिच्यावर हिरवे पोपट. सर आडोशाला गेले आणि इतका वेळ बाहेर आले नाहीत की मंजिरी काळजीत पडली. शेवटी ते आले. वर बनियन, खाली पोपट, आणि काखेत वर्तमानपत्र. ज्यांच्या नुसत्या चपलेच्या आवाजाने वर्ग चिडीचूप व्हायचा ते गावंडे सर. मी चटकन दुसरीकडे बघितलं. हसलो असतो तर सगळंच संपलं असतं.

सासूबाईंना गुडघ्यापर्यंतचा निळा झगा आणि खाली तुमान मिळाली होती. त्यांनी आरशात स्वतःला पाहिलं, तोंडावर हात ठेवला आणि त्या हसायला लागल्या, त्या थांबेचनात. मंजिरीही हसायला लागली. तिच्या चेहऱ्यावर बसपासून बसलेला ताण मी पहिल्यांदा जरा ढिला झालेला पाहिला.

लाटांच्या तळ्यात सासूबाई प्रत्येक लाटेला नमस्कार करत होत्या. तिथून त्या मंजिरीला घेऊन पावसाच्या नाचाकडे निघाल्या. वरून फवारे सोडलेले होते आणि कर्ण्यावर ढोल वाजत होते. जाताना त्यांनी मागे वळून आम्हा दोघांकडे पाहिलं. सर काठावर, मी पाण्यात, मधे हातभर अंतर आणि चार वर्षं.

"यांच्या कानामागं अजून उटणं हाय," त्या सरांना म्हणाल्या. "त्या उंच घसरगुंडीवर घेऊन जा. तिथं पाणी जोरात येते. सासऱ्यानंही न्हाऊ घालावं लागते."

असा काही नियम मी कधी ऐकलेला नाही. पण सर उठले. मला आता वाटतं, त्यांचं त्या घसरगुंडीकडे आल्यापासून लक्ष होतं. उंच लोखंडी मनोऱ्यावरून निळ्या रंगाचा मोठा पाइप वळत वळत, स्वतःभोवती गुंडाळत खाली येत होता. सर जिना चढताना पायऱ्यांकडे बघत नव्हते, पाइपच्या उताराकडे बघत होते आणि ओठ हलवत होते. ते गणित करत होते.

वर एक मिशीवाला माणूस शिट्टी घेऊन उभा होता. त्याने सांगितलं की इथून एकट्याने जायचं नाही. आठाच्या आकड्यासारखी जोडट्यूब होती. वयस्कर माणसाने पुढे बसायचं, तरुणाने मागे, आणि मागच्याने आपले पाय लांब करून पुढच्याच्या काखेत द्यायचे. पुढच्याने ते घट्ट धरायचे.

आम्ही दोघंही उभेच राहिलो. अडचण बघा. मी जावई म्हणून सरांनी माझ्या पायांना हात लावणं त्या महिन्यात शास्त्राला धरून होतं. पण मी विद्यार्थी म्हणून सरांना पाय लावणं म्हणजे महापाप. मिशीवाल्याला दोन्हींशी कर्तव्य नव्हतं. मागे रांग लागली होती. त्याने शिट्टी वाजवली, सरांना पुढे बसवलं, मला मागे बसवलं, माझे पाय उचलून सरांच्या काखेत खोचले आणि ट्यूब ढकलून दिली.

पहिल्या वळणापर्यंत सर ताठ बसून होते. दुसऱ्या वळणावर ट्यूब भिंतीवर चढली, आम्ही आडवे झालो, उजेड गेला. आणि त्या अंधारात सरांचा आवाज घुमला.

"अबे इंगोल्या, धर ना बे मले!"

मी धरलं. दोन्ही हातांनी त्यांचे खांदे धरले. वर्गात एक अक्षर वऱ्हाडी खपवून न घेणारे सर तिसऱ्या वळणावर आणखी बरंच काही बोलले, ते सगळं वऱ्हाडीत होतं आणि मी ते इथे लिहिणार नाही.

मग एकाएकी वेग कमी झाला. पाण्याचा आवाज पातळ झाला, लांबून येणारे ढोल बंद पडले, आणि ट्यूब एका सपाट वळणावर येऊन थांबली. काळामिट्ट अंधार. ट्यूबखाली पाण्याची एक बारीक धार, तीही थोड्या वेळाने आटली.

"लाइट गेली," सर म्हणाले. "पंप बंद."

त्या वर्षी वीज दिवसातून कितीदा जायची याला हिशोब नव्हता. पार्कात जनरेटर होता, पण तो सुरू व्हायला वेळ लागत असे, हे नंतर कळलं. आतून आम्हाला एवढंच कळत होतं की वर जाता येत नाही, खाली घसरता येत नाही आणि माझे पाय अजून सरांच्या काखेत आहेत.

"सर, लागलं का कुठे?" मी विचारलं. बोलल्यावर माझ्या ध्यानात आलं की चार वर्षांत मीही त्यांना कशानेच हाक मारलेली नव्हती. बाबा म्हणवत नव्हतं आणि सर म्हणायची चोरी वाटत होती. मी नुसता खाकरायचो.

"नाही लागलं. मघाशी माझ्या तोंडून काहीतरी गेलं."

"हो."

"जावयाला तसं बोलू नये."

मी म्हटलं की मला बरं वाटलं. ते खरंच होतं. अंधार होता, त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, माझा त्यांना दिसत नव्हता. उजेडात मला ते धाडस झालं नसतं. मी विचारलं, "सर, तुम्ही माझ्याशी बोलत का नाही?"

मला वाटलं, झालं, आता ते पुन्हा मांजर शोधायला लागणार. मग ते सावकाश बोलायला लागले, अवघड प्रमेय फळ्यावर मांडावं तसे.

"काय म्हणून बोलू? अहो म्हणायला तोंड उघडलं की मला तुझं ते वर्तुळ दिसतं. बाकावर उभा केलेला तू दिसतोस, नाक पुसत. त्या पोराला अहो-जाहो? शब्द घशात अडकतो. बरं, अरे म्हणावं, तर जावयाला अरे म्हटलं म्हणून मंजूची आई घर डोक्यावर घेईल. म्हणून म्हटलं, नकोच."

"मला वाटलं राग आहे."

"होता ना. न सांगता लग्न केलंत, राग येणार नाही? पण तो पहिल्या दिवाळीपर्यंत टिकला. मंजू फोनवर तिच्या आईला सांगत होती, तू पोळ्या करायला शिकलास आणि त्याही वाटोळ्या येत नाहीत. ती फार हसत होती. त्या दिवशी गेला राग. पण तोवर न बोलायची सवय लागून गेली होती. मी गच्चीवर जाऊन म्हणून पाहिलं होतं. 'अहो जावईबापू, या, बसा.' दोनतीनदा म्हटलं, मोठ्याने. समोरच्यांचा कुत्रा भुंकायला लागला."

मी ओठ दाबून धरले. पण मला गच्चीवरचे सर दिसले, कठड्याला धरून रिकाम्या खुर्चीला बसायला सांगणारे, आणि खाली बेंबीच्या देठापासून भुंकणारा कुत्रा. माझं पोट हलायला लागलं, पोटाबरोबर ट्यूब हलायला लागली. सरांनी दरडावून विचारलं की हसतोस का, आणि ते विचारतानाच त्यांचाही आवाज फुटला. त्यांना हसताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. ते हसणं बारीक होतं, उचकी लागल्यासारखं, आणि पाइपमध्ये त्याचे चारी बाजूंनी प्रतिध्वनी येत होते, म्हणजे दहा गावंडे सर एकदम हसतायत असं वाटत होतं. आम्ही जितके हसत होतो तितकी ट्यूब बोटबोट पुढे सरकत होती.

"हलू नकोस," सर हसतच म्हणाले. "पुढे उतार आहे. इंगोल्या, घर्षण कमी होतंय, हलू नकोस..."

तेवढ्यात मागून गडगडाट आला. जनरेटर सुरू झाला होता, आणि वर साठलेलं सगळं पाणी एकदम सुटलं होतं. ट्यूब उचलली गेली. पुढचं मला फारसं आठवत नाही. एक वळण, एक किंकाळी, ती माझीच होती, मग डोळ्यांवर पांढरं ऊन, आणि आम्ही हवेतून तळ्यात आदळलो.

वर आलो तेव्हा आमच्याभोवती ही गर्दी. लाइट गेल्यावर आम्हाला शोधत आलेली मंजिरी कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. काठावर बायका, माणसं, फाटकावरचा रखवालदार, सगळे पाइपच्या तोंडाकडे तोंड करून उभे होते, आणि सगळ्यांचे चेहरे कीर्तन ऐकल्यासारखे झाले होते. मला आधी कळेना. मग एक अनोळखी मावशी पुढे वाकून सरांना म्हणाली, "मग कुत्रा भुंकल्यावर तुम्ही काय केलं हो?"

ढोल बंद, फवारे बंद, लाटा बंद. त्या शांततेत पाइपचं ते तोंड म्हणजे कर्णाच झाला होता. आमचा शब्दन् शब्द बाहेर ऐकू आला होता.

मंजिरीने दोन्ही हातांनी पाणी उचललं आणि आमच्या तोंडावर मारलं. एकदा मला, एकदा सरांना, मग पुन्हा मला. ती खेळत नव्हती.

"चार वर्षं," ती म्हणाली. "चार वर्षं मी दर सणाला इथून रडत गेले. आणि तुम्हाला एकमेकांना हाक काय मारायची ते कळत नव्हतं?"

सरांनी तोंडावर हात धरला. मला वाटलं, लाजले. मग त्यांनी हातामागून काहीतरी म्हटलं, पण ते कोणालाच कळलं नाही. नुसता 'फ' आणि 'श' आला. त्यांना कवळी आहे हे तोवर मला माहीत नव्हतं. ती त्या शेवटच्या किंकाळीत सुटून पाण्यात कुठेतरी गेली होती.

"काय म्हणतायत ते?" मंजिरीने मला विचारलं.

मी कान त्यांच्या तोंडाजवळ नेला. "चुकलं म्हणतात."

"कोणाचं?"

सर पुन्हा काहीतरी पुटपुटले. मी म्हटलं, "दोघांचं म्हणतात. पण माझं जास्त आहे म्हणतात."

"त्यांना सांग..." मंजिरी म्हणाली, आणि थांबली. वडील समोर, ती समोर, आणि मधे मी निरोप घेऊन उभा. तिने माझ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, त्यांच्या पोपटांकडे पाहिलं. तिच्या गळ्यातून आधी हुंदका आला का हसू, ते मला आजही सांगता यायचं नाही. ती पुढे झाली आणि तिने सरांच्या ओल्या बनियनवर डोकं टेकलं. सरांनी एक हात तोंडावर तसाच ठेवला आणि दुसऱ्या हाताने तिच्या पाठीवर थोपटलं. शिकवणीची पोरं घरी गेल्यावर ते तिला असेच थोपटत असतील, असं मला उगाच वाटलं.

मग कवळी शोधायची मोहीम निघाली. रखवालदाराने शिट्टी वाजवून घसरगुंडी थांबवली, चांगले पोहणारे बुड्या मारायला लागले, काठावरच्या मावशीने आपल्या मुलांचे पोहण्याचे दोन चष्मे पाठवले. सर पाण्यात उभे राहून हुकूम सोडत होते. "इंगोल्या, तिकडे नाही, फ्रवाह इकडे वळतो." मी बुडी मारून वर आलो की, "शापडली का?" पुन्हा बुडी, पुन्हा, "डाव्या हाताला बघ, गाढवा." चार वर्षांचं साठलेलं सगळं त्या अर्ध्या दुपारी माझ्या अंगावर कोसळत होतं, आणि दात नसतानाही ते थांबायला तयार नव्हते.

सासूबाई पावसाच्या नाचाकडून चिंब भिजून आल्या. काय झालं म्हणून पाण्यात उतरल्या, चार पावलं चालल्या आणि जागच्या जागी थबकल्या.

"अगं माय," त्या म्हणाल्या. "मले पायाला काहीतरी चावलं."

कवळी सापडली. सासूबाईंनी ती नळाखाली धुऊन पदर नसल्यामुळे झग्याला पुसली आणि सरांना दिली. सरांनी पाठ फिरवून ती बसवली, जबडा दोनदा हलवून पाहिला, आणि वळून माझ्याकडे बघत, स्पष्ट उच्चारात विचारलं, "भूक लागली का रे?"

सासूबाईंचे हात झग्याच्या घडीवरच राहिले. त्यांनी आधी सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना पाइपमधलं काही माहीतच नव्हतं, त्या तेव्हा पलीकडे ढोल पुन्हा सुरू व्हायची वाट बघत उभ्या होत्या. आता 'अरे'वरून त्या घर डोक्यावर घेतील म्हणून मी वाट पाहत होतो. पण त्या डबा आणायला वळल्या आणि जाताना एका खांबाला थोडा वेळ धरून उभ्या राहिल्या.

आम्ही काठावर पाण्यात पाय सोडून धोंडे खाल्ले. तुपाचा गडू जीपमध्ये सांडला होता, म्हणून कोरडेच. मला तसे चांगले धोंडे पुन्हा कधी मिळाले नाहीत. खाता खाता सरांनी त्या पाइपच्या उताराचं गणित मला समजावून सांगितलं आणि शेवटी विचारलं की कळलं का. मी हो म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बारकाईने पाहिलं आणि म्हणाले की नाही कळलं.

आता या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. सर थकले आहेत, कानाने कमी ऐकतात, आणि फोनवर माझ्याशी इतके बोलतात की मंजिरीला तिची पाळी यायची वाट बघावी लागते. त्या खेपेला नाशिकला परतताना बसमध्ये तिने आधीच्या बोलण्याचा विषय काढला नाही, मीही काढला नाही. ती खिडकीशी बसून दिवाळीच्या तिकिटांचं बघायला हवं म्हणत होती. भर उन्हाळ्यात.

पण त्या दुपारचं मला सगळ्यात जास्त आठवतं ते नंतरचं. ऊन कलल्यावर सर उठले. त्यांना पुन्हा वर जायचं होतं. मी उठायला लागलो तर मंजिरीने मला खांद्याला धरून खाली बसवलं. ती म्हणाली, मी जाते बाबांबरोबर. ते दोघं जिना चढताना दिसत होते, पोपट पुढे आणि ती मागे, आणि सर बोटाने तिला उतार दाखवत होते. मग ते वर दिसेनासे झाले, आणि जरा वेळाने पाइपमधून दोघांच्या आरोळ्या एकत्र यायला लागल्या, वळणावळणाने जवळ येणाऱ्या. कोणती कोणाची ते ओळखू येत नव्हतं.

सासूबाई माझ्याजवळ बसून ऐकत होत्या. ओले केस कपाळाला चिकटलेले, निळा झगा गुडघ्याशी गोळा केलेला. तोपर्यंत त्यांना मंजिरीने सगळं सांगून टाकलं होतं, कुत्र्यासकट.

"चार वर्षं म्या टपाल वाटलं," त्या म्हणाल्या. "यांचं तुमाले, तुमचं यांले. चहा घेता का, तर हो म्हणते. जेवण झालं का, तर झालं म्हणते. रात्री झोपेतबी निरोपच सांगत होती." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "आता झाली सुट्टी."

पावसाच्या नाचाकडे पुन्हा ढोल सुरू झाले होते. सासूबाईंनी रिकामा डबा माझ्या मांडीवर ठेवला, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि फवाऱ्यांच्या दिशेने चालायला लागल्या. पार्क बंद व्हायची शिट्टी झाली, माणसं कपडे बदलून फाटकाकडे निघाली, सर आणि मंजिरी माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, तरी त्या तिथून बाहेर यायला तयार नव्हत्या.